रेनकोट, विंडचीटर, जॅकेट नेमकं किती पाणी अडवतात? खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

मृग लागायच्या आधीच मेसेज सुरू होतात. कोणी जळगावहून विचारतं, कोणी शिरपूरहून, कोणी धडगावच्या शाळेवर रोज बाईकने जाणारे गुरुजी असतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलेत. आधी सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. वॉटर रेझिस्टंट, वॉटर रिपेलंट, वॉटरप्रूफ, तिन्ही एकच ना भाऊ?

नाही, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. रेझिस्टंट म्हणजे कापडाची वीण घट्ट असते, झिमझिम पावसात पाणी आत यायला थोडा वेळ लागतो, बस. रिपेलंट म्हणजे कापडावर वरून एक फिनिश मारलेलं असतं, थेंब गोल होऊन घरंगळून जातात, बघायला फार छान दिसतं, पण मागे अडवणारा थर नसतो त्यामुळे जोराचा पाऊस आला किंवा बॅगेचा पट्टा दाबला गेला की पाणी आत. वॉटरप्रूफ म्हणजे कापडाच्या मागे किंवा मधे सलग थर असतो, कोटिंग म्हणा किंवा मेंब्रेन म्हणजे पातळ पडदा, आणि शिवणसुद्धा आतून पट्टी लावून बंद केलेली असते. शिवण उघडी असेल तर कापड कितीही भारी असो, पूर्ण कपडा वॉटरप्रूफ धरू नका. आपल्याकडे विंडचीटर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या गटातलं असतं, वारा मस्त अडवतं, पण श्रावणातल्या सरींपुरतंच. संततधार लागली की पुरत नाही.

२. लेबलवर ५००० एमएम, १०००० एमएम लिहितात ते काय असतं?

तो पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. आयएसओ ८११ नावाची टेस्ट आहे, त्यात कापडाचा तुकडा घट्ट आवळून एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन जागी पाणी फुटलं की थांबतात. त्या क्षणाचा दाब किती उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होता ते मिलीमीटरमध्ये लिहितात. म्हणजे १०००० एमएम हे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाला टिकलेलं कापड. किलोत सांगायचं तर १० मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब, ५००० म्हणजे अर्धा किलो. काही परदेशी लेबलांवर पीएसआय असतं, १ पीएसआय साधारण ७०० एमएम धरा.

बाजारात ढोबळमानाने १५०० च्या आसपास म्हणजे हलका पाऊस, ५००० म्हणजे मध्यम, १०००० म्हणजे जोराचा आणि बराच वेळ चालणारा, २०००० म्हणजे डोंगरातला अख्खा दिवस, असं धरतात. हा काही कायदा नाही, धंद्यातला रिवाज आहे. आणि ही टेस्ट कोऱ्या सपाट तुकड्याची आहे, दोन वर्ष वापरलेल्या, शिवण-चेन-खिसे असलेल्या जॅकेटची नाही, हे लक्षात ठेवा.

३. काल आमच्याकडे ७० मिमी पाऊस झाला, मग ५००० एमएमचं जॅकेट तर कितीतरी पट जास्त झालं ना?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, गोंधळ होणं साहजिक आहे कारण दोन्हीकडे मिलीमीटरच. पण पावसाचा मिमी म्हणजे जमिनीवर किती उंच पाणी साचलं असतं ते, तो दाब नाहीच. हवामान खातं २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पडला तर त्याला जोराचा पाऊस म्हणतं, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोराचा. त्यावरून अंगावर किती पाणी येणार ते कळतं, कापडावर दाब किती येणार ते कळत नाही. दाब येतो तो थेंबाच्या वेगामुळे, वाऱ्यामुळे, आणि तुमच्या स्वतःच्या वजनामुळेही, म्हणजे जिथे तुम्ही बसता, टेकता, बॅग लटकवता तिथे. त्यामुळे मिमीची मिमीशी तुलना करू नका.

४. आपल्या खान्देशात पाऊस तो केवढा, मग महागाचं कशाला घ्यायचं?

खरंय, तापीच्या पट्ट्यात कोकणासारखा पाऊस नाही. जळगाव, अमळनेर, चोपडा, शिंदखेडा इकडे तर कित्येकदा आभाळ येतं आणि तसंच निघून जातं. गावात कामाला जायचं, बाजार करायचा, बसस्टॉपपर्यंत चालायचं तर ३००० ते ५००० वालं, शिवण सील असलेलं पुरून उरतं. नुसतं एवढंच काम असेल तर चांगली छत्रीसुद्धा चालते.

पण तीन ठिकाणी हिशोब बदलतो. एक म्हणजे सातपुडा, तोरणमाळ-अक्कलकुवा-धडगाव बाजूला किंवा पालच्या जंगलात पाऊस सपाटीपेक्षा जास्त आणि ढग अंगावरून जातात, तिथे तासन् तास ओल असते. दुसरं म्हणजे बाईक, तिचं वेगळं उत्तर खाली ५ मध्ये आहे. तिसरं म्हणजे जे इथे राहतात पण पावसाळ्यात साल्हेर नाहीतर सह्याद्रीतले दुसरे किल्ले करायला जातात. ह्या तिघांनी १०००० च्या खाली बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०००० मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना लागतं, त्या पैशात चांगली पॅन्ट आणि बूट येतात.

५. रोज जळगाव-भुसावळ बाईकने जातो, जॅकेट १०००० चं आहे तरी मांडी आणि सीटची जागा ओली होतेच. जॅकेट खोटं आहे का?

बहुतेक वेळा नाही. बाईक ही पावसाच्या कपड्याची सगळ्यात कडक परीक्षा आहे, बघा कसं.

मोठा थेंब साधारण सेकंदाला ९ मीटरने पडतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या थोडा वर. तुम्ही ६० ने समोर जात असाल तर तोच थेंब छातीवर जवळपास ६८ च्या वेगाने आपटतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणून वेग दुप्पट झाला की आपटण्याचा जोर चौपट होतो. पाऊस वाढला की वेग कमी करायचा, तो फक्त घसरू नये म्हणून नाही, कोरडं राहण्यासाठीसुद्धा.

आता सीट. ७० किलोचा माणूस समजा ६०० चौरस सेंटीमीटर जागेवर बसला तर सरासरी दर चौरस सेंटीमीटरला शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे साधारण १२०० एमएमचा दाब नुसता बसल्याबसल्या. ही झाली सरासरी, बसायची हाडं टेकतात तिथे ह्याच्या कितीतरी पट. त्यात मांडीच्या खळग्यात पाणी साचतं, ते खाली सरकत सरकत बरोबर त्या जागी येतं जिथे पॅन्टच्या चार शिवणी एकत्र मिळतात. म्हणून बाईकची रेन पॅन्ट घेताना आकड्याआधी ती जागा बघा, तिथे आतून पट्टी दुहेरी आहे का, की नुसती चार टोकं जोडलीत. काही पॅन्टमध्ये तिथे शिवणच नसते, अख्खा एक तुकडा बसवलेला असतो, ती पॅन्ट घ्या.

बाकी पाणी शिरतं ते गळ्यातून, मनगटातून आणि घोट्यातून. ग्लोव्हज बाहीच्या आत घाला, पॅन्ट बुटाच्या वरून सोडा, गळ्याशी कॉलर पूर्ण बंद करून हेल्मेटखाली रुमाल ठेवा. जॅकेटची हूड हेल्मेटच्या मागे मोकळी सोडू नका, वाऱ्याने ती पोत्यासारखी फुगते आणि सगळं पाणी मानेत सोडते.

६. सीम सील्ड, टेप सील्ड असं लिहिलेलं असतं. ते खरंच एवढं महत्त्वाचं आहे का?

मला विचाराल तर एमएमपेक्षा जास्त. शिवताना सुई कापडाला हजारो भोकं पाडते आणि प्रत्येक भोकातून दोरा जातो, दोरा पाणी ओढतो. त्या भोकांवर आतून गरम करून पट्टी चिकटवतात तेव्हा शिवण बंद होते. लेबलवर फुल्ली सीम सील्ड असेल तर सगळ्या शिवणींवर पट्टी, क्रिटिकली सीम सील्ड असेल तर फक्त खांदा, हूड, छाती अशा महत्त्वाच्या जागी. शहरातल्या वापराला दुसरं चालतं, बाईक आणि डोंगराला पहिलंच हवं. दुकानात जॅकेट उलटं करा, शिवणीवर साधारण बोटभर रुंदीची चकचकीत किंवा राखाडी पट्टी दिसली पाहिजे, कडा नखाने खरवडून बघा, सुटत असेल तर ठेवून द्या. काही पीव्हीसी रेनकोटमध्ये शिवणच नसते, तापवून वेल्डिंग केलेलं असतं, ते पाण्याला उत्तम.

७. आणि चेन? वॉटरप्रूफ चेन म्हणून सांगतात.

जॅकेटला येणारी रबरासारखा लेप असलेली चेन बहुतेक वेळा पाण्याला बराच विरोध करते, पूर्ण अडवत नाही, दात जिथे मिळतात तिथे आणि वरच्या टोकाला फट राहतेच. म्हणून समोर फ्लॅप असलेलं घ्या, दुहेरी फ्लॅप असेल तर अजून बरं, चेन साधी असली तरी चालते. छातीवरच्या खिशात मोबाईल ठेवत असाल तर १७ वाचा.

८. दादा, जॅकेट बाहेरून ठीक आहे पण आतून पूर्ण ओलं होतं. गळतंय की घाम आहे?

दहापैकी आठ वेळा घाम असतो, हे मी अंदाजानेच सांगतोय पण ठाम सांगतोय. ओळखायची खूण सोपी आहे. गळती एका जागी असते, शिवणीच्या रेषेत, खांद्यावर, कोपरात, आणि ती जागा गार लागते. घामाची ओल पाठभर, काखेत, दंडावर पसरलेली असते आणि कापडाच्या आतल्या बाजूला बारीक दहिवर आल्यासारखं दिसतं. शंका असेल तर जॅकेट जमिनीवर पसरा, आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, संशयाच्या जागी वरून पेलाभर पाणी साचवून ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी कागद बघा. कागद कोरडा असेल तर जॅकेटला दोष देऊ नका.

मग ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं, घेऊनही घाम का राहतो? कारण वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या फरकावर. अंगाशी साधारण ३४ डिग्री आणि दमट, बाहेर ५ डिग्रीची डोंगरातली हवा असेल तर फरक मोठा, वाफ भराभर निघते. ही कापडं गाजली ती थंड प्रदेशात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये २८ डिग्री आणि हवेत ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा तो फरक त्या थंडीतल्या फरकाच्या निम्म्याहून कमी राहतो, मग कितीही महागाचं मेंब्रेन असू दे, ते मंदच चालणार. म्हणून खान्देशासाठी माझा आग्रह कापडाच्या ब्रीदेबल आकड्यापेक्षा हवा खेळायच्या जागांवर आहे: काखेखाली चेन, पाठीवर फ्लॅपखाली जाळी, थोडं ढगळ माप, आणि आत सुती बनियनऐवजी पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही. चढ लागला की पाऊस थोडा कमी असेल तर जॅकेट काढून बॅगेत टाका, पावसाने भिजलेलं अंग घामाने भिजलेल्या अंगापेक्षा लवकर वाळतं कारण तेव्हा हवा तरी लागत असते.

९. मग ब्रीदेबलचा ५००० जी, १०००० जी हा आकडा बघायचाच नाही का?

बघा, पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल देऊ नका. तो आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते ते. तो मोजायच्या पद्धती चार-पाच आहेत आणि एकच कापड एका पद्धतीत ५००० तर दुसऱ्यात १५००० दाखवू शकतं. लेबलवर रेट (इंग्रजीत आरईटी, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं तो आकडा, किंमत नव्हे) असं लिहिलेलं असेल तर ते जास्त भरवशाचं, ते आयएसओ ११०९२ प्रमाणे मोजतात आणि तिथे उलटं आहे, आकडा जितका कमी तितकं चांगलं. ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चांगलं, २० च्या वर गेलं की धावपळीच्या कामाला नको. पीव्हीसीचा साधा रेनकोट जवळजवळ काहीच वाफ सोडत नाही, पण तो गेटवर उभं राहणाऱ्याला किंवा बाईकवर अर्धा तास जाणाऱ्याला वाईट नाही.

१०. नवीन होतं तेव्हा थेंब घरंगळायचे, आता वरचं कापड भिजून काळं पडतं. वॉटरप्रूफपणा गेला का?

थर बहुतेक वेळा शाबूत असतो, गेलेली असते ती वरची रिपेलंट फिनिश, तिला डीडब्ल्यूआर म्हणतात. धूळ, केसांचं तेल, घाम, बॅगेच्या पट्ट्याचं घासणं ह्याने ती दबते. वरचं कापड पाणी प्यायलं की तीन गोष्टी होतात: जॅकेट जड होतं, अंगाला गार लागतं, आणि वाफ बाहेर जायची वाट बंद होते, म्हणून आतून ओलं होतं आणि माणसाला वाटतं गळतंय. ८ मधला कागदाचा प्रयोग इथेही करा.

परत आणायची पद्धत: आधी नीट धुवा, कसं ते ११ मध्ये, मग वाळल्यावर ऊब द्या. ड्रायर असेल तर कमी तापमानावर वीसेक मिनिटं, नसेल तर इस्त्री अगदी मंद ठेवून मधे सुती कापड घालून फिरवा. उबेने फिनिशचे रेणू परत उभे राहतात. मात्र आतल्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर करू नका, आणि पीव्हीसीवर तर कधीच नाही, वितळेल. एवढं करूनही थेंब उभा राहत नसेल तर मग स्प्रे किंवा धुताना टाकायचं रिपेलंट विकत आणा.

११. धुतलं की खराब होतं म्हणून आम्ही धूतच नाही. बरोबर?

उलट आहे. आपल्याकडची बारीक काळी माती आणि घामाचं मीठ थरात बसून राहतं ते जास्त वाईट. गार किंवा कोमट पाणी, थोडं साधं लिक्विड, चेन लावून, उलटं न करता हाताने, आणि दोन-तीनदा चांगलं खळखळून काढा. सुगंधाचं सॉफ्टनर अजिबात नको, ब्लीच नको, ब्रशने घासणं नको, पिळणं नको. साबणाचा अंश राहिला तर तोच पाणी ओढून घेतो, म्हणून खळखळणं महत्त्वाचं. वाळवायचं सावलीत. आपलं ऊन पटकन वाळवतं हे खरं, पण त्याच उन्हाने कोटिंग कडक होऊन तडकतं.

१२. लेबलवर पीएफसी फ्री, पीएफएएस फ्री लिहिलंय. म्हणजे कमी दर्जाचं का?

नाही. जुन्या रिपेलंट फिनिशमध्ये फ्लोरिनची रसायनं असायची, पीएफसी, पीएफएएस ही त्यांचीच नावं, ती पाणीही अडवत आणि तेलही, पण निसर्गात ती वर्षानुवर्ष तुटत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठतात. त्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत मुद्दाम घातलेल्या पीएफएएसवर काही अपवाद सोडून बंदी आली. त्यामुळे कंपन्या बदलल्या. नव्या फिनिशने पाणी नीट घरंगळतं, पण तेलाला ती अडवत नाही, म्हणून कॉलर आणि हूडच्या जागी केसांचं तेल लागलं की तिथून आधी भिजायला लागते. उपाय म्हणजे जास्त वेळा धुणं. आपल्या विहिरी आणि नद्यांचा विचार केला तर मला तरी हा बदल मनापासून पटतो.

१३. पेटीत दोन वर्ष ठेवलेलं जॅकेट काढलं तर आतून चिकट आणि साल निघतेय, वासही येतोय. दुरुस्त होईल?

नाही होणार, वाईट वाटतं पण खरं तेच. आतलं पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग ओल आणि उष्णतेने हळूहळू तुटतं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, एकदा सुरू झालं की थांबत नाही. चिकटपणा आणि आंबट वास ही त्याचीच खूण. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेलं जॅकेट म्हणजे कोटिंग आणि शिवणीची पट्टी दोन्ही गेली. बाईकच्या डिक्कीत उन्हाळाभर ठेवणारे पण खूप आहेत, तेही नको. पावसाळा संपला की धुवून, पूर्ण कोरडं करून, घडी न घालता हँगरला टांगा, घरातल्या सगळ्यात गार खोलीत. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका.

१४. गोरटेक्सच घ्यायला पाहिजे का? आणि २ लेयर, ३ लेयर काय असतं?

पाणी अडवणारं कापड जुनं आहे, चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मधे रबर घालून त्याचं पेटंट घेतलं. पाणी अडलं, घामाचा प्रश्न राहिला. १९६९ मध्ये बॉब गोरने पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, त्यातून थेंब जात नाही पण वाफ जाते, आणि १९७६ पासून गोरटेक्स नावाने त्याचे कपडे आले. चांगलं कापड आहे, पण आता त्याच कामाची दुसरी मेंब्रेन बरीच आहेत, आणि आपल्या दमट हवेत त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही, कारण ८ मध्ये आहे. हिमाचल-उत्तराखंडला वर्षातून जाणाऱ्याने घ्यावं, फक्त शहादा ते नंदुरबार करणाऱ्याने ते पैसे वाचवावेत.

लेयरचं थोडक्यात: २ लेयरमध्ये मेंब्रेन बाहेरच्या कापडाला चिकटलेलं आणि आत सुटं अस्तर. ३ लेयरमध्ये अस्तरही चिकटलेलं, हे सगळ्यात टिकाऊ. अडीच लेयरमध्ये अस्तराऐवजी नुसता छापील लेप, हलकं असतं, पण घामात अंगाला चिकटतं.

१५. कंपनीतून मिळालेल्या रेनकोटवर ईएन ३४३ क्लास ३ आहे, तो फक्त १३०० एमएम निघाला. फसवलं का?

नाही. ही युरोपची कामगारांच्या पावसाळी कपड्यांची पद्धत आहे. क्लास ३ ला १३००० पास्कल म्हणजे साधारण १३०० एमएम लागतं, २०१९ च्या आवृत्तीत आलेल्या क्लास ४ ला २००००, म्हणजे २००० एमएम. आकडा छोटा दिसतो, पण तो कापड धुवून, घासून, पुन्हा पुन्हा दुमडून झाल्यावर घेतात आणि शिवणही तपासतात. कोऱ्या तुकड्याच्या ५००० शी त्याची तुलना होत नाही. लेबलवर चित्राशेजारी आकडे असतात, वरचा पाण्याचा, खालचा वाफेचा. रेल्वे यार्ड किंवा लाईनवर आठ तास काम करणाऱ्याला असा कपडा भरवशाचा.

१६. कपाशीवर, केळीवर फवारणी करताना वॉटरप्रूफ जॅकेट घातलं तर औषधापासून संरक्षण होतं ना?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पाण्याचा आकडा हा स्वच्छ पाण्याचा आहे. औषधात द्रावक असतात आणि पानावर पसरावं म्हणून स्टिकर-स्प्रेडर मिसळलेलं असतं, तेच द्रावण कापडावरही पसरतं, थेंब गोल राहत नाही, रिपेलंट फिनिशला जुमानत नाही. विंडचीटर किंवा रिपेलंट जॅकेट अशा वेळी औषध पिऊन अंगाशी धरून ठेवतं, उघड्या अंगापेक्षा बरं आहे असं समजून गाफील राहू नका. फवारणीच्या कपड्यांची वेगळी तपासणी असते, आयएसओ २७०६५ ही त्यासाठीच आहे. औषधाच्या लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात काय घालायचं ते लिहिलेलं असतं, तेच घाला, हातात रसायनाला चालतील असे ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, नाकाला योग्य मास्क. फवारणीचा कपडा पावसाला वापरू नका आणि पावसाचं जॅकेट फवारणीला वापरू नका, धुवायचा पण वेगळा. भर उन्हात पीव्हीसी घालून फवारलं तर उष्माघाताचा धोका असतो, म्हणून सकाळी लवकर आणि वारा नसताना करा. अंगावर सांडलं तर कपडा तिथल्या तिथे काढा, साबण-पाण्याने धुवा आणि औषधाची बाटली घेऊन दवाखान्यात जा.

१७. मोबाईलच्या पाऊचवर आयपीएक्स ७ लिहिलंय, तसं जॅकेटवर का नसतं?

कारण आयपी ही यंत्रांच्या आवरणाची पद्धत आहे, कपड्यांची नाही. आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी चालतं, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. जॅकेटच्या खिशाला वॉटरप्रूफ म्हटलं तरी मोबाईल पाऊचमध्ये ठेवूनच खिशात टाका. कागदपत्रांना जाड पॉलिथीनची पिशवी, तोंड दोनदा दुमडून.

१८. आई मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जातात. रेनकोट घालून चालवत नाही म्हणतात, काय द्यावं?

रेनकोट घालून दिवसभर चालणं त्या म्हणतात तसं खरंच जमत नाही, घामाने जीव जातो. मुक्ताईनगरहून पंढरपूर म्हणजे लांबचा पल्ला, ज्येष्ठ-आषाढाचे दिवस, कधी ऊन कधी सर. त्यांना हलका पोंचो द्या, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, खांद्यावरच्या पिशवीसकट झाकणारा. खालून मोकळा असतो त्यामुळे हवा खेळते, साडीवरून घालता येतो, मुक्कामी खाली अंथरताही येतो. वारा जोराचा असेल तर तो उडतो, म्हणून बाजूला बटणं किंवा नाड्या असलेला बघा. घोंगडीचं विचारणारे पण असतात: लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प पिते तरी ओली लागत नाही आणि भिजली तरी ऊब देते, राखणीला बसणाऱ्याला आजही तिला तोड नाही. पण भिजल्यावर फार जड होते, चालणाऱ्या माणसाला नको.

१९. वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट घेतले, पाटणादेवीला ओढा ओलांडला आणि आत पाणी भरलं ते दिवसभर निघालंच नाही.

बूट त्याचं काम करत होता. जे बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ते आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. वरून, म्हणजे घोट्यावरून पाणी शिरलं की संपलं. ओढे ओलांडायचे असतील तर जाळीचे साधे बूट बरे, भिजतात आणि वाळतात, सोबत सुक्या मोज्यांची जोडी. चिखल आणि ओलं गवत असेल तर वॉटरप्रूफ बूट. काळ्या मातीत शेतात गमबूटच. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्र कोंबून ठेवा, दर दोन तासांनी बदला, चुलीजवळ ठेवू नका, सोल सुटतो.

२०. दिवाळीत अस्तंभाच्या डोंगरावर जातो, तेव्हा वॉटरप्रूफ लागतं का?

सहसा पाऊस नसतो, पण रात्रभर चढायचं, गवतावर दव आणि वर गेल्यावर वारा. चढताना घाम येतो आणि शिखरावर थांबलं की तोच घाम गारठवतो. इथे जड रेनकोटपेक्षा पातळ विंडचीटर जास्त उपयोगी, म्हणजे १ मधल्या पहिल्या गटातलाच कपडा, आणि बॅगेत कोरडा टीशर्ट, वर पोचल्यावर आधी तो बदला. पिसांचं जॅकेट असेल तर ते दवाने भिजू देऊ नका, पिसं ओली झाली की फुगत नाहीत आणि ऊब जाते. सिंथेटिक भरलेलं थोडं भिजलं तरी चालतं. परतीचा पाऊस लांबला असेल त्या वर्षी मात्र पोंचो घ्याच.

२१. शाळेच्या पोराला कुठला घ्यावा?

पीव्हीसी किंवा ईव्हीएचा (हेही मऊ प्लास्टिकच), दप्तरासाठी पाठीवर फुगवटा असलेला, रंग पिवळा नाहीतर नारंगी म्हणजे अंधारलेल्या रस्त्यावर गाडीवाल्याला दिसतो. हूड डोळ्यांवर येत नाही ना ते घालून बघा. एक-दोन वर्षांत लहान होतो, म्हणून भारी घेऊ नका.

२२. जॅकेटला छोटं भोक पडलंय, बाभळीच्या काट्याने. शिवून घेऊ का?

शिवू नका, सुई अजून भोकं पाडेल. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, रिपेअर टेपचा तुकडा भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा आणि कोपरे गोल कापलेला घ्या, कोपरे टोकदार असले की तिथून उचकटतो, मग चमच्याच्या पाठीने दाबून रात्रभर राहू द्या. शक्य असेल तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावा. शिवणीची पट्टी सुटली असेल तर टेप नको, सीम सीलरची ट्यूब मिळते, ती आतून पातळ लावून वाळवा. पीव्हीसीला मात्र हे चिकटत नाही, त्याला पीव्हीसीचंच सोल्युशन आणि त्याच कापडाचं ठिगळ लागतं. दुरुस्ती झाल्यावर ८ मधला कागदाचा प्रयोग करूनच बाहेर घाला.